एकट्यानं फिरवलेलं चाक

माझ्या वडिलांना व्हिडिओ गेम खेळायला मीच शिकवलं, आणि त्या गेमनंच त्यांना माझ्यासमोर उघडं पाडलं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी म्हणायचं, बघा, चाळिशीची बाई, सरकारी बँकेत अधिकारी, आणि खेळापायी बापाशी अबोला धरते. खेळापायी कोण अबोला धरतं हो? इतकी काही मी खुळी नाही.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो. दादा पुण्यात, त्याचा संसार तिकडेच. बाबांचा सगळा जन्म भोपाळच्या मोठ्या कारखान्यात गेला, तयार झालेल्या मोटरी तपासायच्या विभागात. आम्ही भावंडं इंद्रपुरीत वाढलो. मी स्वतःचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा माझी शाखा मिसरोदला होती आणि शहाण्या माणसानं तिकडेच घर घेतलं असतं. पण बाबा म्हणाले, "तिकडे मी दिवसभर कुणाचं तोंड बघू? माझे सगळे दोस्त इकडे." झालं! घर घेतलं अयोध्या नगरात. रोज सकाळी अख्खं भोपाळ ओलांडून जायचं आणि संध्याकाळी ओलांडून यायचं. तक्रार नव्हती माझी. खरंच नव्हती. आपल्याच माणसासाठी करायचं तर त्यात तक्रार कसली?

पण दोस्त तरी किती पुरणार? सकाळचं फिरणं, पार्कातल्या गप्पा, आणि ऊन चढलं की बाबा खिडकीपाशी जे बसायचे ते मी येईपर्यंत. झाकून ठेवलेलं जेवण तसंच. शेवटी मी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणलं. हॉस्टेलमध्ये असल्यापासून मला त्याचा नाद. बाबांनी आधी नाक मुरडलं. "हे काय, पोरासोरांचे धंदे!" आणि महिन्याभरात हे गृहस्थ मी यायच्या आत चहा टाकून, दोन्ही रिमोट पुसून, चष्मा लावून तयार! त्याला कंट्रोलर म्हणतात हे मी परोपरीनं सांगितलं. ते रिमोटच म्हणायचे.

आमचा गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. एक शहर, तिथलं काळाचं तंत्र बिघडलेलं, आणि त्या शहरातून दोन वाटसरूंनी शेवटच्या दरवाजापर्यंत पोचायचं. दोघांच्याही कमरेला एकेक चाक. पूल कोसळला, चुकीच्या गल्लीत शिरलो, की चाक फिरवायचं. काळ थोडा मागे जायचा आणि चूक पुसली जायची. मात्र चाक दोघांनी एकाच वेळी फिरवलं तरच सगळं सुरळीत. एकट्यानं फिरवलं, की तिथली हवा जुन्या चादरीसारखी टर्रकन फाटायची आणि त्या फटीतून एक प्राणी बाहेर पडायचा. राखाडी, अर्धवट चेहऱ्याचा, पण अंगावर कपडे चाक फिरवणाऱ्याचे. त्यानं जे करून पुसलं असेल, तेच हा प्राणी पुन्हा पुन्हा करत बसायचा. कुणी पुलावरून पडून मग चाक फिरवलं असेल, तर हा आपला पुलावरून पडतोच आहे, पडतोच आहे. आणि ज्यानं चाक फिरवलं त्याला तो बोटही लावायचा नाही. त्याचा जोडीदार दिसला, की मात्र हातातलं सोडून थेट नरडीला.

बाबांनी त्यांचं बारसं केलं: शिळे. "एकदा वापरून टाकलेला वेळ आहे ना तो, मग शिळाच की!" गेममधलं इंग्रजी नाव बाजूलाच राहिलं. "आज वाटेत शिळे नाहीत ना?" असं मी दारातून आत येता येता विचारायची, आणि शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, तुमच्या घरी रोज उरतं तरी काय एवढं?" आम्ही बापलेक पोट धरून हसलो होतो.

आमच्या शहरात शिळे जवळजवळ नव्हतेच. त्याला कारण बाबांची कारखान्यातली शिस्त. तपासणीला लावलेल्या मोटरीला वीज द्यायच्या आधी तिथे एकजण ओरडायचा, "चालू कर रहे हैं!" आणि चारही बाजूंनी "करो!" असं उत्तर आल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. "कुणाचा हात आत असतो, कुणी वाकलेलं असतं, आपल्याला काय दिसतं?" बाबा सांगायचे. "आवाज न देता बटण दाबणारा माणूस म्हणजे खुनीच." ही शिस्त त्यांनी गेममध्ये आणली. "फिरवतोय!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडायचे, की खालचा वॉचमन वर बघायचा. "फिरवा!" मी म्हणायची. मगच दोघांची चाकं फिरायची. लोक त्या गेममध्ये जीव मुठीत धरून पळतात, आम्ही संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाल्यासारखे जायचो.

अशाच एका हिवाळ्यात माझं प्रमोशन आलं. जबलपूरला. आमच्याकडे प्रमोशन म्हणजे बदली आलीच. बदली नको तर प्रमोशनही नको, असा सरळ हिशेब. मी बाबांना सांगितलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "जा की. माझं काय, राहीन मी." मग चहाचा कप उगाचच फिरवत बसले आणि थोड्या वेळानं बोलले, "फक्त या घरात आता एकट्याला भीती वाटते गं."

आता सांगा, बापाच्या तोंडून हे ऐकल्यावर कुठली मुलगी जाईल? मी प्रमोशन नको म्हणून कळवून टाकलं. माझ्यामागून नोकरीला लागलेला एक मुलगा प्रमोशनवर दुसरीकडून बदलून आला आणि माझा साहेब होऊन समोरच्या केबिनमध्ये बसला. "मॅडम, आपने मना क्यों कर दिया?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी हसून म्हटलं, "घरची जबाबदारी." बाबांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं," म्हणाले. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की बस. मूर्ख!

उन्हाळ्यात शिळे वाढायला लागले.

दिवसा मी बँकेत असले की माझा वाटसरू गेममध्ये तळावर नुसता उभा असायचा, आणि बाबा त्यांच्या वाटसरूला घेऊन इकडेतिकडे हिंडायचे. ते मीच सुचवलं होतं, तेवढीच त्यांची दुपार जायची. पण आता संध्याकाळी मी रिमोट हातात घ्यावा तो हे राखाडी चहूकडून माझ्याकडे धावत सुटलेले. पाऊल उचलायच्या आत अंगावर यायचे. "बाबा, हे कुठून आले सगळे?" तर चहात बिस्कीट बुडवत, साळसूदपणे, "गेमच अवघड होत चाललाय गं." मी म्हटलं, असेल. त्याच सुमाराला ते पार्कातल्या मंडळींबरोबर उज्जैनला देवदर्शनाला म्हणून चांगले आठवडाभर जाऊन आले होते. येताना प्रसाद आणायला विसरले. देवाला जाऊन प्रसाद विसरणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही, पण म्हटलं वय झालं, जाऊ दे. विश्वास ठेवायचा म्हटलं की माणूस काय काय जाऊ देतो.

मग तो रविवार. बाबा नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरून पोहे-जिलेबी घेऊन आले होते आणि आम्ही सकाळीच खेळायला बसलो, कारण शेवटचा दरवाजा आता जवळ आला होता. या दरवाजाचा नियम गेममध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. दोघं मिळून गेले तरी तो उघडतो आणि एकटा गेला तरी उघडतो. फक्त एकटा गेला, तर दुसरा त्या शहरात कायमचा मागे राहतो.

वळण घेतलं आणि समोर शिळ्यांची ही गर्दी! सगळ्यांच्या डोक्याला निळी टोपी, अंगात तपकिरी कोट. बाबांच्या वाटसरूचे कपडे. सगळे एकामागून एक दरवाजापाशी जात होते, तो उघडत होते आणि एकटेच पलीकडे जात होते. पुन्हा मागे येऊन पुन्हा तेच. मला आधी काही कळेना. मी बघतच राहिले. त्यातला एक उंबऱ्यावर थांबायचा, मान वळवून माझ्या तळाच्या दिशेनं बघायचा, आणि मग जायचा. मग एकाला मी दिसले. मग सगळ्यांनाच दिसले.

मी डोळ्याचं पातं लवायच्या आत मेले. बाबांच्या वाटसरूला कुणी हातही लावला नाही. तो आपला निळी टोपी घालून बाजूला उभा.

"बाबा, तुम्ही या दरवाजातून एकटे गेला होतात?"

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही. "ट्रायल घेतली," म्हणाले.

"इतक्यांदा?"

"जायचो. मग मागे तू तिथं उभी दिसायचीस. जीव राहायचा नाही. मग चाक फिरवायचो."

"आवाज न देता."

"तू बँकेत असायचीस ना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी रोज संध्याकाळी दमून येऊन मार खात होते तो तुमच्या जाण्यायेण्याचा? आणि वर मला सांगता गेम अवघड झालाय? एवढा शेवट बघायचा होता तर म्हणायचं की, बरोबर बघितला असता!"

बाबांनी बशी खाली ठेवली. आईचे रिपोर्ट आले होते तेव्हा ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात म्हणाले, "शेवट नव्हता बघायचा. तुला सोडून जाणं आपल्याला जमतं का, ते बघायचं होतं."

आणि मग सगळंच बोलून गेले. पुण्याला दादाकडे राहायला जायचंय. कायमचं. दादानं खोली रिकामी करून ठेवलीय. उज्जैनला ते गेलेच नव्हते. पुण्यालाच गेले होते, राहून बघायला. तिथलं जेवण, पाणी, जिना, सगळं बघून आले. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की एवढ्यासाठी देवाचं नाव सांगायची काय गरज होती?

"हे ठरलं कधी?"

"दादाशी बोलणं दिवाळीतच झालं होतं."

दिवाळीत. माझं प्रमोशन आलं ते दिवाळीनंतर, स्वेटर बाहेर निघाल्यावर. मी टीव्ही बंद केला, म्हटलं नीट विचारून घ्यावं, आपलीच काही गफलत व्हायला नको. "म्हणजे मी जबलपूरला नाही म्हटलं, तेव्हा तुम्हाला जायचंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं गं तेव्हा."

"मग भीती वाटते म्हणून मला अडवलंत कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बंद टीव्हीकडे बघत बसले. मग अगदी समजावणीच्या सुरात, जणू मलाच पटेल असं, म्हणाले, "तिकडे नसतं जमलं तर? सुनेच्या घरात कसं होईल, काय होईल, कोण सांगणार? तू जबलपूरला गेली असतीस, हे घर बंद झालं असतं. मग मी कुठे गेलो असतो? माणसाला एक जागा हाताशी हवी ना."

कारखान्यात चालू मोटर बिघडली तर लगेच जोडता यावी म्हणून दुसरी तयार करून बाजूला ठेवतात. तिला काम नसतं. तिनं फक्त तिथे असायचं असतं. हे मला कुणी शिकवलं? बाबांनीच, मी शाळेत असताना, कौतुकानं.

"म्हणजे मी स्टँडबाय," मी म्हटलं.

"असं काय बोलतेस," म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

केसानं गळा कापणं असं आपण सहज म्हणून जातो. मला त्या रविवारी त्याचा अर्थ कळला. परक्यानं फसवलं तर चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. इथे फसवणारा माणूस माझ्यावर जीव टाकणारा होता, आणि त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. जिलेबीतला कुरकुरीत भाग त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. माझ्यावर माया होती म्हणून तर त्यांना मी कुठे जायला नको होतं, आणि स्वतःवर जास्त होती म्हणून मला सांगितलं नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवून माणूस बसला, आणि त्यातली एक डगर मी.

दादाला फोन केला, तर तो म्हणे, "अगं, तुला माहीत असेल असंच मला वाटलं." शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या ओशाळून म्हणाल्या, "तुळशीची कुंडी नाही का त्यांनी माझ्याकडे दिली? म्हणाले, मी गेल्यावर हिच्याकडून पाणी घालणं व्हायचं नाही." पार्कातल्या दोस्तांना तर निरोपाचा चहासुद्धा पाजून झाला होता. बाहेर सगळा बोभाटा आणि घरात मला पत्ता नाही! मी त्या दोस्तांना रोज फाटकाशी नमस्कार करत होते. सगळे हसून "कैसी हो बिटिया?" विचारत होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

माझा संताप असा आहे, की पहिला तासभर भांडी आपटते आणि नंतर दगड होते. मी दगडासारखंच सगळं केलं. बाबांचे कपडे इस्त्री करून भरले, औषधांची पुडकी बांधली, प्रवासासाठी दशम्या आणि लसणाची चटणी दिली. ते मधूनमधून जवळ येऊन उभे राहायचे. "रागावलीस?" मी म्हणायची, "नाही." स्टेशनवर गाडी हलताना म्हणाले, "येत जा पुण्याला." मी म्हटलं, "बघू." माझ्या डोळ्यात टिपूस आलं नाही. घरी आले आणि त्यांच्या खोलीत बसून हमसून हमसून रडले, तेही राग आला म्हणून. मला निदान एकदा विचारायचं तरी होतं. मी नाही म्हटलं असतं का? मीच तिकीट काढून दिलं असतं, मीच पोचवायला गेले असते, आणि जबलपूरलाही गेले असते. तेवढं एक वाक्य त्यांना बोलवेना आणि त्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

ते गेल्यावर मी तो गेम पुन्हा लावला नाही. फोन यायचा, रोज. जेवलीस का, झोपलीस का. मी उत्तरं द्यायची. तक्रार ते कसलीच करायचे नाहीत, आणि मी कसलीच चौकशी करायची नाही.

पुढच्या खेपेला प्रमोशन पुन्हा आलं आणि पुन्हा जबलपूरच. या वेळी मी हो म्हटलं. फ्लॅट कारखान्यात नवीन लागलेल्या एका जोडप्याला भाड्यानं दिला, बाबांच्या खोलीसकट. पुण्याला कळवलं नाही. बाबांना नाही, दादालाही नाही. फोनवर बोलताना मी भोपाळातच आहे असं त्यांना वाटत राहिलं आणि मी वाटू दिलं. विसरले म्हणून नव्हे. मुद्दाम.

जबलपूरला सामान लावून होतं न होतं तोच एका रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मी परत येतो गं."

"का? काय झालं?"

"झालं काही नाही. सगळे चांगलेच वागतात. पण इथे माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नाही. दिवसभर खिडकीत बसतो." मग जरा उत्साहानं म्हणाले, "माझी खोली आहे ना तशीच? पलंग हलवू नकोस, येऊन मीच लावीन सगळं."

"बाबा, घरात भाडेकरू आहेत. मी जबलपूरला आलेय. प्रमोशन घेतलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक झाली.

"मला सांगितलं नाहीस," म्हणाले.

"नाही."

"मग मी कुठे येऊ?"

इतके महिने मी मनात कितीतरी टोचणारी उत्तरं घोळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. 'इथे या' हे दोन शब्द मात्र अगदी ओठांवर आले. जबलपूरच्या घरात खोली होती, खिडकी होती. मी ते शब्द गिळले. त्यांना बोलावलं असतं तर मी पुन्हा बाजूला ठेवलेली मोटर झाले असते, आणि ते माझ्यानं होणार नव्हतं.

"दादाकडेच राहा, बाबा."

"बरं," म्हणाले. "बरं, बरं."

फोन बंद करायचं त्यांना कधी जमलंच नाही. नुसता खाली ठेवायचे. मीही बंद केला नाही. लांबून दादाचा आवाज आला, "काय म्हणतेय?" आणि मग बाबांचा आला, कारखान्यातल्यासारखा खणखणीत, कौतुकानं भरलेला: "अरे, बोलावतेय मला. हट्टच धरून बसलीय, आजच्या आज निघा म्हणून. मीच म्हटलं, नको बाई, आता मी इथं रुळलोय."